चढणीची गाडी आधी

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. घाट उतरताना माझी गाडी ताशी दोनशे ऐंशीला होती. मी बसलो होतो लाकडी खुर्चीवर, मोमीनभाभींच्या शिवणाच्या दुकानात, आणि गाडी होती काचेच्या आत. पण वेग खरा. संगणकातून ब्रेक लायनर जळाल्याचा वास यायला लागला. गाडीच्या वाऱ्यानं भाभींचं शिलाई मशीन आपणहून फिरलं आणि त्यात अडकवलेल्या पोलक्याला तिसरी बाही शिवून मगच थांबलं. ते पोलकं पुढं दोन वर्षं दुकानात टांगलेलं होतं. हवं तर विचारा.

"कुणाला विचारू?" तेजल म्हणाली. "मोमीनभाभी तर कवाच पुण्याला गेल्या, लेकाकडं."

"म्हणून तर म्हणतो, विचार."

बबन नंबरवाला हसला. आमच्या वडाप स्टँडवर कुठल्या जीपनं कधी भरायचं आणि कधी सुटायचं, ते बबन ओरडून सांगतो. ही गोष्ट त्यानं माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की कुठं हसायचं ते त्याला पाठ झालंय. तेजलला मात्र ती नवी होती. तेजल चाळके, हिंदुराव चाळक्याची नात. तिची जीप स्टँडवर लागून आठवडा झाला होता. घाटात वडाप चालवणारी आमच्याकडची ही पहिली बाई. त्या दिवशी तिचा नंबर चौथा होता आणि पासिंजर तुरळक, म्हणजे तासाभराची निश्चिंती. चहाचा ग्लास घेऊन ती माझ्या बाकड्यावर येऊन बसली होती आणि आडपडदा न ठेवता तिनं विचारलं होतं,

"आबा, आमाला गटारे का म्हंत्यात? आडनाव चाळके. शाळंत गटारे, कॉलेजात गटारे. लायसन काढायला गेले तर शेजारचा म्हणतो, म्हंजी गटाऱ्यांची का तू? आजोबांना इचारलं की ते नुसते हसायचे. म्हणायचे, शेडग्याच्या यसबाला इचार."

"हसायचा?"

"व्हय. लई हसायचे."

मला ते आवडलं नाही. हरलेल्या माणसानं हसू नये. हिंदुरावाला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी माझ्या पोटात जुना निखारा लाल झाला. म्हटलं, विचारलंय तर सांगावंच. शत्रूच्या नातीला, तिच्या तोंडावर, भरल्या स्टँडात. सुडाची गोष्ट ऐकायला याहून चांगलं माणूस मला कुठं मिळणार होतं?

"ऐक तर," मी म्हणालो. "हे नाव आधी माझं होतं."

"तुमचं?"

"एकवीस वर्षं. अठ्ठ्याऐंशी सालापासून. तवा मी जीप घेऊन घाट उतरत होतो. आत चौदा माणसं आणि एक कोंबड्यांचं डालगं. देवीच्या देवळाखालच्या वळणावर आलो, तर समोरनं ट्रक चढतोय. कौलांनी शिगोशीग भरलेला. आता घाटाचा कायदा काय, सांग बघू. ड्रायव्हर हैस ना?"

"चढणीची गाडी आधी."

"का?"

"भरलेली गाडी चढणीला थांबली तर पुन्हा उचलत न्हाई. मागं घसरती. म्हणून उतरणीच्यानं बाजूला व्हायचं."

"आन मग?"

"मग ज्याला वाट मिळाली त्यानं हात वर करायचा."

"शाबास. कुणी शिकवलं?"

"आजोबांनी."

"त्यानं शिकवलं!" मी बबनकडं बघितलं. बबन ठरल्याप्रमाणे हसला. "तर मी बाजूला झालो. रस्ता तो केवढा! डोंगराच्या अंगाला दाबली, तर डावी दोन्ही चाकं गटारात. जीप कलली. डालगं घेऊन बसलेली म्हातारी कोंबड्यांसकट माझ्या मांडीवर. त्यातली एक कोंबडी घाबरून स्टेअरिंगवर अंडं घालून गेली, ते मी पुढं उकडून खाल्लं."

"आबा."

"बरं, अंडं सोड. ट्रक शेजारनं गेला. चार बोटांचं अंतर. ट्रकात तुझा आजोबा. मी त्याच्या हाताकडं बघत बसलो. चौदा माणसं कलंडलेली, कोंबडी डोक्यावर, आन मी बघतोय हात. हात काय वर झाला न्हाई."

संध्याकाळी मी स्टँडवर पोचलो तेव्हा हिंदुराव माझ्या आधी येऊन बसला होता. मिशीवरून बोट फिरवत सांगत होता, "यसबाला आज घाम फुटला. ट्रक बघितला, आन गाडी गटारात घालून डोळं मिटून बसला."

"मी तुला वाट दिली," मी म्हणालो.

"वाट देणाऱ्याला मी हात दावतो, यसबा. भ्यालेल्याला कशाला दावू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "या गटारे, बसा." सगळा स्टँड खदखदला. झालं. बारसं झालं माझं, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

गावात कुणाला लंगड्या म्हणतात, कुणाला बोबड्या. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण ड्रायव्हरला भित्रा म्हणणं निराळं. दुसऱ्या दिवसापासून बायका माझ्या जीपमध्ये चढायच्या, ड्रायव्हर कोण ते बघायच्या आणि पोराला कडेवर घेऊन खाली उतरायच्या. "गटाऱ्याची गाडी हाय, मागलीनं जाऊ." माझ्या तोंडावर. घाटात माझ्या हातून कधी एक आरसा फुटला नाही. तरी एकवीस वर्षं माझी जीप सगळ्यात शेवटी भरायची.

आणि हिंदुराव रोज भेटायचा. रोज म्हणायचा, "काय गटारे, बरं हाय का?" मनात काही नसल्यासारखा. तेच जास्त झोंबायचं.

मग दोन हजार नऊ साली स्टँडच्या अध्यक्षांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका घरी आली. पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : श्री. यशवंतराव गटारे व परिवार. चेष्टा नव्हती ती. लिहिणारा मुलगा शहरातला होता. बिचाऱ्याला खरंच ते आडनाव वाटलं होतं. माझ्या बायकोनं पत्रिका हातात घेतली, वाचली, आणि देवाजवळ ठेवतात तशी ठेवली, पण पालथी.

मग चुलीपुढं जाऊन बसली.

त्या दिवशी मी ठरवलं, हे नाव मी हिंदुरावाच्या गळ्यात बांधून मरणार.

"मग घाटात शर्यत लावली?" तेजल पुढं सरकली.

"थू! घाटात शर्यत लावतो तो ड्रायव्हर नव्हे, खुनी. हे मी मानतो, आन तुझा आजोबाबी मानायचा. तेवढ्यापुरता तो शहाणा होता. आन माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, त्याचा डावा गुडघा गेलेला. आमी दोघं घाटात शिरलो असतो तर देवीच रस्ता सोडून पळाली असती."

रस्ता मला भाभींनी दाखवला. मी खाकी शर्टाचा खिसा शिवून घ्यायला गेलो होतो. मोमीनभाभींनी निम्म्या दुकानात दोन संगणक मांडले होते. शाळा सुटली की तिथं गर्दी, पण सकाळी शुकशुकाट. एका काचेत गाडी उभी होती. लाल. माझी जीप लाल होती.

"बसा की मामा," भाभी म्हणाल्या. "चालवून बघा. स्टेअरिंग आहे, पायात ब्रेक आहे, सगळं आहे."

"जायचं कुठं?"

"कुठंही."

"कुठंही म्हंजी? रूट कुठला?"

"रूट नाही, मामा. अख्खं शहर आहे. शर्यत लावायची तर लावा, नाहीतर नुसते फिरा. गाडी तुमची, रस्ता तुमचा."

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मला कुणी जन्मात म्हटलं नव्हतं. तीस वर्षं मी त्रेचाळीस किलोमीटर वर आणि त्रेचाळीस किलोमीटर खाली केले. घाटाखाली एक फाटा फुटतो, तिथून डावीकडं गेलं की समुद्र. त्या फाट्यावरून मी किती हजार वेळा गेलो असेन, पण डावीकडं वळलो नाही. कसा वळणार? पासिंजर सगळे सरळचे. त्या दिवशी काचेतल्या पहिल्याच फाट्याला मी डावी घेतली. मागं कुणी ओरडलं नाही, "ओ, हिकडं कुठं?" पुढं सरका नाही, पिशवी धरा नाही, पोराला उलटी होतेय म्हणून थांबवा नाही. रिकामी गाडी आणि मी. मोठाले दिवे, पूल, बोगदे, आणि एका ठिकाणी रस्ता संपून पाणी. मी गाडी लावली आणि बसलो.

बऱ्याच वेळानं भाभींनी डोकावलं. "बंद पडलं का मामा?"

"न्हाई. समुद्र बघतोय."

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जायला लागलो. सिग्नल लाल झाला की थांबायचो. माझ्यामागं काचेतल्या गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, तर मी भाभींच्या दुकानात हात बाजूला काढून खूण करायचो, जरा दमानं.

"मामा, तोडा की तो सिग्नल! कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"अहो, शर्यतीचा खेळ आहे हा! गाड्या ठोकायच्या असतात यात!"

"ठोकायच्या? मग बॉडीचं काम कोण करणार?"

तिसऱ्या दिवशी मी संगणकाला लिंबू-मिरची बांधली. भाभींनी हसत हसत वर काळा दोरा बांधला.

आणि आठव्या दिवशी मला तो घाट सापडला. शहराच्या पाठीमागं डोंगर, डोंगराच्या माथ्यावर मनोरा, आणि तिथून खाली पुलापर्यंत उतरणारा अरुंद रस्ता. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला गटार. हुबेहूब. मनोरा ते पूल, अशी त्यात शर्यतच लावलेली होती. मी उतरायला लागलो. निम्म्यात, तुटक्या कठड्याच्या वळणावर, समोरून ट्रक चढत आला.

मी थांबलो. बाजूला घेतली, ट्रकला जाऊ दिलं, आणि हरलो.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. तो ट्रक दर खेपेला त्याच वळणावर यायचा आणि माझा पाय दर खेपेला ब्रेकवर जायचा. आणि मग, पोरी, माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला की दुकानातला दिवा भाभींनी मालवला तरी चाललं असतं. माझा पाय थांबतोय, तर हिंदुरावाचा थांबणार नाही का? चाळीस वर्षांचा ड्रायव्हर. घाटाचा कायदा त्याच्या हाडात. तो त्या वळणावर थांबणारच. आणि मी थांबायचं नाही.

बस. एवढाच डाव. त्याच्या चांगुलपणानंच त्याला पाडायचं.

फक्त आधी माझा पाय मारायला पाहिजे होता. त्याला तीन महिने लागले. खरी गोम डाव्या पायात असते. त्या यंत्राला क्लच नव्हता, पण ट्रक दिसला की डावा पाय क्लच शोधायला निघायचा, आणि डावा हलला की जोडीनं उजवा ब्रेकवर. म्हणून मी भाभींची मापं घ्यायची टेप घेतली आणि डावा घोटा खुर्चीच्या पायाला करकचून बांधला. भाभी लाकडी पट्टी घेऊन शेजारी उभ्या. उजवा ब्रेककडं वळला की फटका.

"मामा, कशासाठी हे?"

"सूड."

"बरं," म्हणायच्या, आणि जरा जोरात मारायच्या. भाभींना नवऱ्याच्या घरची पुष्कळ माणसं आठवत असावीत.

तीन महिन्यांनी पाय मेला. ट्रक आला तरी मी सरळ त्याच्या नाकासमोरून, कठड्याला घासून, पार. पहिल्यांदा जमलं तेव्हा भाभींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र घरी जाऊन भात गिळवला नाही. का, ते विचारू नकोस.

"का?" तेजलनं विचारलं.

"विचारू नको म्हटलं ना."

मग मी स्टँडवर गेलो. सगळे होते. हिंदुराव मधोमध.

"हिंदुराव, घाट उतरायचा का माझ्यासंगं?"

"शुद्धीवर हैस का?"

"काचेतला. मोमीनभाभीकडं. हरंल त्यानं गटारे नाव लावायचं. जन्मभर. त्याच्या मागं त्याच्या पोरांनी."

"पोराटकीचा खेळ त्यो. आपलं वय काय?"

"भ्यालास?"

चहावाल्याचं पातेलं उतू गेलं, तरी तो आमच्याकडंच बघत राहिला. हा शब्द त्यानं मला एकवीस वर्षांपूर्वी दिला होता. मी तो जपून ठेवला होता, व्याजाशिवाय परत केला.

हिंदुरावानं मिशीवरून बोट फिरवलं. "आठ दिस दे. शिकून घेतो."

मी दिले. आठ दिवसांत गाडी शिकता येते, पाय मारता येत नाही.

मंगळवारी सकाळी अकराला स्टँड बंद पडला. एक जीप हलेना. पासिंजरसुद्धा, आधी निकाल लागू दे म्हणून थांबले. सगळी झुंड भाभींच्या दुकानावर. पण भाभी दारात हात पसरून, आमच्याकडं पाठ करून उभ्या. "आत दोघंच. गिऱ्हाइकांची कापडं आहेत, पाय द्याल कुणीतरी." तेव्हा आत मी, हिंदुराव आणि मशीनवरचं ते पोलकं. बबन बाहेर होता.

"मी अगदी म्होरं हुतो," बबन म्हणाला. "पण दिसलं काय न्हाई. भाभी रुंद."

"तर आत काय झालं, हे जगात दोघांनाच ठाऊक. त्यातला एक गेला."

तेजलनं हातातला ग्लास फिरवला.

मी लाल गाडी घेतली, त्यानं हिरवी. मी टेप काढली आणि डावा घोटा बांधला. त्यानं विचारलं, "हे काय?" म्हटलं, संधिवात. त्याचा स्वतःचा डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून भाभींनी त्याला पुढं स्टूल दिलं होतं. त्यावर पाय लांब ठेवून, जावयासारखा बसला. मग त्यानं काचेला हात जोडले आणि डोक्याच्या वर हात नेऊन आरसा नीट केला. आरसा तिथं नव्हताच. हात हवेत फिरला. मी हसलो.

"हसू नगो," तो म्हणाला. "आरसा बघितल्याबिगर मी गाडी काढत न्हाई."

सुटलो.

आता इथं मी वेगाचं सांगितलं ते आठव. दोनशे ऐंशी. बाहेर उभ्या असलेल्यांच्या टोप्या उडाल्या. बिडी मी एका हातानं पेटवली आणि काडी विझली ती वाऱ्यानं. वळणामागून वळण, कधी तो पुढं, कधी मी. मध्येच ओरडला, "यसबा, जपून! पुढं खड्डा असंल!"

"हितं खड्डं नसत्यात, लेका!"

"सवय गेली न्हाई."

मला हवं होतं तेच ऐकलं मी. सवय गेली न्हाई. म्हटलं, ये. ये त्या कठड्यावर. एकवीस वर्षं मी तुझ्यासाठी तिथं ट्रक उभा करून ठेवलाय.

"म्होरं कोण हुतं?" तेजलनं विचारलं.

"काय?"

"म्होरं कोण हुतं, वळणावर?"

"तो. तोच की. हिरवी पुढं." मी चहाचा घोट घेतला. निवला होता. "तर आला कठडा. आला ट्रक. आता त्याची काय अवस्था झाली ती ऐक. डोळ्यांना ठाऊक होतं, हा ट्रक खोटा. आत ड्रायव्हर न्हाई, मागं कौलं न्हाईत, घसरला तर कुणाचं काय जाणार न्हाई. पण तो चढत होता, पोरी. इंजिन रडत होतं. भरल्या गाडीचं रडणं चाळीस वर्षं ऐकलेल्या माणसाला ते खोटं कसं वाटणार? सगळं ठरवलेलं डोक्यात होतं, आणि डोक्यातलं पायात उतरलंच न्हाई. डावा पाय क्लच शोधायला निघाला. टेप ताणली, घोट्याला काचली, कातडी सोलली; तरी निघाला. आणि उजवा आपोआप ब्रेकवर. गाडी डोंगराच्या अंगाला. थांबली. ट्रक शेजारनं वर निघून गेला, चार बोटांवरनं. आणि त्या थांबलेल्या माणसाला वाटलं, गेलं. सगळं गेलं. आता मरेपर्यंत गटारे."

"वाट्टंय तसं," बबन म्हणाला.

"मग?" तेजल म्हणाली. तिनं ग्लास खाली ठेवला होता.

"मग काय, मी शेजारनं पुढं. आणि हिरवी गेली गटारात."

"थांबलेली?"

"चाक घसरलं," बबननं मदत केली.

"हां, घसरलं. चारी चाकं वर. मी सावकाश पुलावर गेलो. काचेत मोठ्या अक्षरात आलं, लाल गाडी पहिली. भाभींनी वळून बघितलं आन ओरडल्या, 'मामा जिंकले!' बाहेर नुसता गलका."

"आन आजोबा?"

"तुझा आजोबा बराच वेळ माझ्याकडं बघत बसला. माझ्याकडं, काचेकडं न्हाई. मग स्टुलावरचा पाय खाली घेऊन उठला आणि त्यानं उजवा हात वर केला. असा. कानापर्यंत. शरण आला! मग दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, 'आजपासनं गटारे मी. ह्यो यशवंता शेडगे. पुन्हा कुणी त्याला दुसरं नाव घिऊन हाक मारली, तर माझ्याशी गाठ हाय.' दुसऱ्या दिवशी ट्रकच्या मागं रंगवून घेतलं, 'गटारे'. पिवळ्या रंगात, खाली दोन फुलं. मरेपर्यंत पुसलं न्हाई. आणि त्यानंतर कुठंबी दिसू दे, घाटात, बाजारात, दवाखान्यात, मला बघितलं की आधी हात वर. बारा वर्षं. एवढा भ्याला होता मला!"

बबन हसला. चहावाला हसला. बाकड्याच्या टोकाला दोन पासिंजर ऐकत बसले होते, तेही हसले. मी तेजलच्या तोंडाकडं बघितलं. शत्रूच्या नातीचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं.

"चार नंबर!" बबन ओरडला. "तेजल, लाव गाडी."

ती उठली. किल्ली हातात घेतली आणि तिथंच उभी राहिली.

"आबा, टेप तुमच्या पायाला हुती."

"कुठली टेप?"

"शिवायची. घोट्याला काचली म्हणालात. आजोबांचा डावा पाय तर स्टुलावर लांब हुता. तुमीच सांगितलं. वाकत नसलेला पाय क्लच कसा शोधंल?"

मी बिडीसाठी खिशात हात घातला. भाभींनी शिवलेला खिसा. त्यात बिडी नव्हती.

"गोष्ट हाय गं ती," बबन म्हणाला. "इकडचं तिकडं व्हतंय."

"थांबा हो बबनकाका." तिनं आवाज चढवला. शेजारच्या जीपमधले पासिंजर माना बाहेर काढून बघायला लागले. "थांबलेल्या गाडीचं चाक घसरतंय व्हय? आन हात कुणाला दावत्यात? जिंकणाऱ्याला न्हाई, वाट देणाऱ्याला! आजोबा म्हागं हुते, म्हणून तर 'यसबा, जपून' ओरडले. लाल गाडी ट्रकला बघून कडंला झालेली त्यांनी डोळ्यांनी बघितली. ट्रक गेल्यावर त्यांना वाट मोकळी हुती, नुसतं जायचं हुतं. पण त्यांना तवा कळलं, अठ्ठ्याऐंशी सालीबी ह्यो माणूस भ्याला नव्हता, ह्यानं वाटच दिली हुती. म्हणून त्यांनी आपल्या हातानं गाडी गटारात घातली. खोटं बोलताय, आबा! थांबला हुता तुमी. तुमी!"